गबाळा म्हणतात तो मी

माझ्या कानात पडलेला पहिला शब्द 'गबाळं' हा आहे. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं. माझी आत्या कसब्यातून खडकीला आली ती खास त्यासाठी. मला जरीचं झबलं आणि टोपडं घालून पाळण्यात ठेवलं होतं. आत्या वाकेपर्यंत टोपडं एका डोळ्यावर उतरलं, झबलं गळ्याशी गोळा झालं आणि काजळ हनुवटीपर्यंत पोचलं. आत्यानं कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि तिच्या तोंडून निघालं, "अगंबाई, काय हे गबाळं!" नाव तिनं मागाहून सांगितलं, पण तोवर कान भरला होता. यात मी पदरचं काही घालत नाही. घातलंच असेल तर काजळ. ते गालापर्यंतच आलं असेल.

पुण्यात हा शब्द कसा वापरतात ते सांगायला हवं, कारण बाहेरचे लोक तो कुणालाही लावतात. फाटक्या कपड्यातल्या माणसाला गबाळा म्हणत नाहीत. त्याच्याकडे दुसरे कपडेच नसतात; पुणेकर त्याला नावं ठेवत नाही, फार तर त्याच्याकडे बघत नाही. बावळटपणा चेहऱ्यात असतो, तो कपडे बदलून जात नाही. अजागळ माणसाला आपली नाडी लोंबतेय याचा पत्ताच नसतो, म्हणून तो सुखी असतो. गबाळा तो, ज्यानं सकाळी अर्धा तास आरशासमोर घालवलाय. भांग पाडलाय, शर्ट खोचलाय, बुटांना पॉलिश केलंय, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच शेजारीण विचारते, "आत्ताच उठलास का रे?"

माझ्या बाबतीत शेजारीण थांबायचीही नाही. ती आईला हाक मारून विचारायची, "बरं नाहीये का त्याला?" कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी घरातून निघालो की रेल्वेच्या फाटकापर्यंत त्याला पस्तीस सुरकुत्या पडायच्या. मी मोजल्या आहेत. डोक्यावर पाव बाटली तेल थापलं तरी मागचा एक झुपका कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभाच. आमचा धोबी एकदा घरी आला आणि आईला हात जोडून म्हणाला, "बाई, याचे कपडे दुसरीकडे टाका. लोक मला विचारतात, इस्त्री करतोस का भांडी घासतोस?"

हे सगळं मी हसत सांगतोय, आणि तेव्हाही हसतच सांगायचो. पण बी. एस्सी. होऊन तीन वर्षं झाली होती आणि मला नोकरी नव्हती. एकोणीस ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. रसायनशास्त्रावरचे प्रश्न मी पाठ असल्यासारखे सोडवायचो. मग समोरचे साहेब चष्मा खाली करून मला डोक्यापासून पायापर्यंत बघायचे, आणि 'कळवू' म्हणायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खडकीतल्या एका कारखान्यात होते. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. निवृत्ती झाली की कारखान्याचं क्वार्टर सोडायचं. घरात आम्ही पाच माणसं, आणि जायला जागा नव्हती. मला नोकरी लागली तर कुठंतरी दोन खोल्या बघता आल्या असत्या. नाही लागली, तर आई रोज रात्रीच्या भाजीत पळी हलवताना जे म्हणायची ते खरं ठरणार होतं. ती म्हणायची, "कारखान्याच्या भोंग्याखाली तंबू ठोकू."

अशात औषधाच्या एका कंपनीचं पत्र आलं. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची जागा. मुलाखत लष्करातल्या, म्हणजे पुण्याच्या कँपातल्या, एका हॉटेलात. तेव्हा एम. आर. म्हणजे काय चीज होती ते आता सांगून पटायचं नाही. टाय, चकाकती बॅग, दवाखान्यात रांग सोडून आत जायचं, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचं. आमच्या क्वार्टर्समधल्या मुली एम. आर.च्या बुटांचा आवाज दोन गल्ल्यांवरून ओळखायच्या म्हणे. पत्राच्या खाली एक ओळ टाइप केलेली होती. उमेदवार दिसायला स्मार्ट असावा.

अण्णांनी ती ओळ तीनदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा ओळ वाचली.

"कोट पाहिजे," ते म्हणाले.

घरात एकच कोट होता. अण्णांच्या लग्नातला, निळा, गरम कापडाचा. पंचवीस वर्षांत तो खांद्यांवर हिरवट पडला होता आणि कोपरांवर आरशासारखा चमकायचा. अण्णांनी तो सायकलच्या कॅरियरला बांधला, मला पुढच्या दांड्यावर बसवलं (माझं वय तेव्हा तेवीस होतं, हेही लक्षात असू द्या) आणि आम्ही कसब्यात मास्तरांकडे गेलो.

मास्तर म्हणजे आमचे शिंपी. चार पिढ्या कसब्यातलं मुसलमान घराणं. त्यांच्या आजोबांनी लष्करातल्या गोऱ्या साहेबांचे कोट शिवले होते, आणि मास्तर अजून त्या साहेबांच्या पाठीची मापं तोंडपाठ म्हणून दाखवायचे. त्यांनी आमचा कोट उजेडात धरला, अस्तराची शिवण नखानं थोडी उसवली आणि आतलं कापड बघितलं.

"या कोटानं बाहेरच्या बाजूनं संसार केलाय," ते म्हणाले. "आतली बाजू अजून कुमारिका आहे. उलटवून देतो."

कोट उलटवणं ही त्या काळची युक्ती होती. सगळी शिवण उसवायची, कापडाचा एकेक तुकडा पालटायचा, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. जुना कोट नवा होतो. फक्त एक भानगड होते.

"छातीचा डावीकडचा खिसा उजवीकडे येईल," मास्तर म्हणाले. "जुनी काजं मी रफू करून बुजवीन, कुणाच्या बापाला दिसणार नाहीत. पण खिसा कुठं नेऊ? मला तो हलवता येत नाही."

"खिसा पाठीवर का येईना," अण्णा म्हणाले. "मुलाला नोकरी लागली म्हणजे झालं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "बेटा, फाइल असते ना हातात? ती उजव्या छातीशी धर. आत जाताना, बसताना, बाहेर येताना. जनानी कुठं बघतात, मर्द कुठं बघतात, साहेब लोक कुठं बघतात, सगळं मला ठाऊक आहे. साहेब लोक आधी खिसा बघतात."

मुलाखतीच्या दिवशी मी असा काही दिसत होतो की आई दोन पावलं मागं सरकली. कोट गडद निळा, काल गिरणीतून आल्यासारखा. सुरकुती पडायची हिंमत करत नव्हती. आईनं माझी दृष्ट काढली तेव्हा मोहरी इतकी तडतडली की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. अण्णांनी कारखान्यातून रजा घेतली आणि मला सायकलवरून लष्करात नेलं. हॉटेलसमोरच्या झाडाखाली ते सायकल धरून उभे राहिले. "मी आहे इथं," म्हणाले.

आत तिघे होते. मी फाइल उजव्या छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी. नमस्कार केला, बसलो, प्रश्न सुरू झाले. उत्तरं मी अशी दिली की मधले साहेब पेन खाली ठेवून ऐकत राहिले. दहा मिनिटं मी स्मार्ट होतो. आयुष्यातली तेवढी दहा मिनिटं.

मग मधले साहेब म्हणाले, "समजा, मी डॉक्टर आहे. ही बाटली मला विका."

मी डाव्या हातानं बाटली उचलली. डाव्या हातानं लेबल दाखवायचा प्रयत्न केला. बूच एका हातानं उघडेना, म्हणून दातात धरलं.

"फाइल ठेवा ना खाली," शेवटचे साहेब म्हणाले.

"राहू दे सर, ओझं नाही."

"ठेवा हो."

मी ठेवली. तिघांची नजर माझ्या छातीवर डावीकडून उजवीकडे गेली आणि तिथं थांबली. एरवी माझ्या तोंडाला लगाम नसतो, पण त्या वेळी मला बाटलीवरचं नावसुद्धा वाचता येईना. मधले साहेब मुंबईचे होते, पण माणूस बरा असावा. त्यांनी आवाज खाली आणला.

"तुमचा अभ्यास उत्तम आहे. पण डॉक्टर आमचा माणूस आधी बघतो, औषध नंतर. तुम्ही सगळं केलंय, पण तरी ते... काय म्हणतात तुमच्या पुण्यात? एक शब्द आहे." ते बाजूच्यांकडे वळले. बाजूच्यांनाही आठवेना. तिघंही छताकडे बघत शब्द शोधायला लागले.

मला त्यांची दया आली. वर्गातही उत्तर येत असलं की मला गप्प बसवायचं नाही.

"गबाळा, सर," मी म्हणालो.

"हां! गबाळा," ते खूश होऊन म्हणाले. मग त्यांना आपण काय म्हणालो ते कळलं आणि त्यांनी माझी फाइल उचलून माझ्या हातात दिली. कळवू असंसुद्धा म्हणाले नाहीत.

बाहेर आलो. अण्णा झाडाखाली सायकल धरून तसेच उभे होते, दोन तास. ऊन सरकत त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं, पण सायकल घेऊन ते सावलीत सरकले नव्हते. मी दिसलो नसतो ना.

"काय?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "झालं."

एकदा 'झालं' म्हटल्यावर मागचं पुढचं आपोआप आलं. साहेबांनी चहा मागवला. बिस्किटं मागवली. कोटाला हात लावून बघितला, विचारलं, मुंबईत शिवला का? कसब्यात, म्हटल्यावर साहेबांनी शिंप्याचा पत्ता लिहून घेतला. पंधरा दिवसांत पत्र येईल. आधी कोल्हापूर, मग पुणे. बॅग कंपनीची. पुढं स्कूटर. खडकीच्या पुलावर पोचेपर्यंत मी स्कूटरचा रंगसुद्धा ठरवला होता.

अण्णा पायडल मारत होते आणि हसत होते. मी त्यांचं हसणं मागून बघत होतो, म्हणजे फक्त कान बघत होतो. ते कान वर सरकले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे घेतले आणि मास्तरांकडे गेले. मलाही नेलं. मास्तरांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून मशीनच्या खणात ठेवला.

"पत्र आलं की उरलेला खाईन," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण मी खाली बघितलं.

पुढचे अकरा दिवस कसे काढले ते मला विचारू नका, आणि विचारलंत तर मी खरं सांगणार नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. आणि आई शेजारणीला म्हणताना ऐकू यायचं, "कोल्हापूरला पाणी जड आहे म्हणतात, त्याला मानवेल ना?" मग मी बाहेर जाऊन कोल्हापूरच्या पाण्याबद्दल चार गोष्टी सांगायचो. पोस्टमन गल्लीत वळला की मी बुटांना पॉलिश करायला बसायचो. पोस्टमन पुढं गेल्याचं कळलं की संध्याकाळी अण्णा म्हणायचे, "मोठी कंपनी आहे, वेळ लागणारच." आत्या कसब्यातून टाय घेऊन आली. तिच्या सासऱ्यांचा होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तो गळ्यात बांधून बघताना मला वाटलं, आता कुणीतरी जरा ओढावा, बस्स.

बाराव्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला आणि अण्णा घरी आले. बूट सोडता सोडता सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आज लेबर ऑफिसातल्या साहेबांनी बोलावलं होतं. स्टोअरमध्ये मदतनिसाची एक जागा निघालीय. निवृत्त होणाऱ्याच्या मुलाला देतात. म्हणाले, तुमच्या मुलाचं नाव घालू का?"

"मग?" आई म्हणाली.

"म्हटलं, साहेब, आमचा मुलगा मोठ्या कंपनीत लागला. आमच्या फिटरचा थोरला घरी बसलाय, त्याला द्या. त्याचंही भलं होऊ दे." अण्णांनी दुसरा बूट सोडला. "तसा कागद लिहून दिला."

मी भिंतीला टेकून उभा होतो तो पुढं आलो. आयुष्यभर मी हजार थापा मारल्या, पण त्या सगळ्यांना शेपटी, शिंगं, पंख असायचे. त्या संध्याकाळी मी चार शब्दांत सांगितलं. "अण्णा, मला घेतलं नाही."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं नाही. तिनं ते हळूच ओट्यावर ठेवलं. अण्णा बुटाची नाडी हातात धरून बसले होते.

"केव्हा कळलं?"

"तिथंच."

बराच वेळ ते नाडी गुंडाळत राहिले. मी वाट बघत होतो की ते बूट फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं.

"कोटाला नावं ठेवली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. ही त्या पंधरवड्यातली शेवटची थाप, आणि तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

सकाळी ते म्हणाले, "चल. कागद परत मागू. आणि कोट घाल."

"कशाला?"

"मागायला जाताना माणसानं नीट जावं."

लेबर ऑफिसातल्या साहेबांसमोर आम्ही दोघे उभे राहिलो. अण्णांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. मीच फुशारकी मारली साहेब, पत्र यायच्या आधीच बोललो, चूक माझी. साहेब ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. डोक्यापासून पायापर्यंत. ती नजर मला पाठ होती, पण या वेळी ती मधेच थांबली आणि भुवया वर गेल्या.

"हा तुमचा मुलगा? चांगला टापटीप आहे की हो. असला सुटाबुटातला मुलगा स्टोअरमध्ये पोती उचलेल? आठ दिवसांत पळून जाईल. फिटरच्या मुलाला गरज आहे, ते दिसतंय तरी."

जन्मात पहिल्यांदा मला कुणी टापटीप म्हटलं होतं.

"साहेब, मी गबाळा आहे," मी म्हणालो.

"काय?"

"गबाळा, साहेब. कुणालाही विचारा. खडकीत विचारा, कसब्यात विचारा. धोबी माझे कपडे घेत नाही. हा कोट उलटवलेला आहे." मी कोट काढला आणि टेबलावर पसरला. "हा खिसा बघा, उजवीकडे. ही काजं बघा, बुजवलीत." मी अस्तर नखानं ओढलं, शिवण जराशी सुटली, आणि आतून ते हिरवट, चमकणारं, पंचवीस वर्षांचं कापड बाहेर आलं. "हे बघा. हे खरं आहे. पोती उचलीन, साहेब. झाडू मारीन."

खोलीत एक कारकून होता, त्याची पेन्सिल थांबली. साहेबांनी हात पुढं केला, पण कोटाला लावला नाही.

"ठेवा, ठेवा ते," ते म्हणाले. मग माझ्याशी न बोलता अण्णांशी बोलले. "काल संध्याकाळीच नाव वर गेलं. मी काल बोलावलं तेव्हा हेच बोलला असतात, तर हाच मुलगा घेतला असता मी. आता माझ्या हातात नाही."

अण्णांनी कोट उचलला. सुटलेली शिवण अंगठ्यानं दाबून आत सारली, बाह्या जुळवल्या, निळी बाजू वर करून घडी घातली आणि हातावर घेतला. गेटाबाहेर आल्यावर म्हणाले, "टाके कशाला ओढलेस? मास्तरांनी जीव ओतला होता."

"साहेबांना पटावं म्हणून."

"पटलं का?"

"पटलं."

घरापर्यंत ते सायकल हातात धरून चालत आले.

चार महिन्यांनी आम्ही क्वार्टर सोडलं. कर्वेनगरात तेव्हा शेतं होती, तिथं एका बांधकामाशेजारी पत्र्याची एक खोली मिळाली. नोकरी मला नंतरही बराच काळ मिळाली नाही. हातगाडीवर सामान चढवायला फिटरचा थोरला आला होता, आदल्या महिन्यात स्टोअरमध्ये कामाला लागलेला. दुपारपाळीला जायचं होतं म्हणून खाकी कपडे घालूनच आला. शर्ट अर्धा खोचलेला, एक बाही वर, एक खाली, कॉलर आत दुमडलेली. त्यानं पिठाचा डबा गाडीवर ठेवला तेव्हा आईनं त्याला जवळ बोलावलं. कॉलर सरळ केली, बाही खाली ओढली, शर्टाचं टोक आत खोचलं.

"नोकरीवर जाताना असं गबाळं जाऊ नये रे," ती म्हणाली.

"हो काकू," तो म्हणाला, आणि सायकलवर बसून कारखान्याकडे गेला. भोंगा झाला होता.